वरची मूठ

चौथीच्या गणिताच्या पुस्तकातल्या दुकानदाराकडून कधी काही सांडत नाही. त्याच्या पोत्याला उंदीर लागत नाहीत, त्याचे पेरू सडत नाहीत, त्याच्याशी कुणी घासाघीस करत नाही आणि मोजून झाल्यावर पिशवीचं तोंड उघडं धरून कुणी समोर उभं राहत नाही. तो बारा डझन केळी घेतो आणि बारा डझनच विकतो. बिलोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी अकरा वर्षं गणित शिकवते आहे. हा दुकानदार मला फळ्यावर रोज भेटतो. त्याच्यामुळे मी इथवर आले, हे मला नाकारता येत नाही. त्याच्यामुळेच माझी बहीण मागे राहिली, हेही नाकारता येत नाही.

आमचं गाव चाकूरपासून आठ-नऊ किलोमीटरवर. घराच्या मागे भट्टी होती. अम्मी मुरमुरे आणि फुटाणे भाजायची आणि अब्बा ते आमच्या आणि आसपासच्या तीन गावांच्या आठवडी बाजारांत विकायचे. मुरमुऱ्यांना तराजू लागत नाही. पत्र्याचं एक माप असतं, तांब्याएवढं. ते पोत्यात खुपसायचं, वर काढायचं, तळहातानं सपाट करायचं आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतायचं. ओतताना मोठ्यानं मोजायचं, म्हणजे दोघांनाही ऐकू जातं. पण पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. शेजारचे धान्यवाले 'लाभ' म्हणायचे, आमच्याकडे 'बरकत' म्हणत. बरकत, दोन, तीन, चार. 'एक' म्हटलं की माल एकटा पडतो, असं अब्बा सांगायचे. म्हणजे नेमकं काय होतं ते त्यांनाही माहीत नसावं, पण आमच्या घरात धंद्याची सुरुवात 'एक'नं झालेली मी कधी ऐकली नाही.

मापं मोजून झाली तरी गिऱ्हाईक हलत नसे. पिशवीचं तोंड तसंच उघडं धरून ते पोत्याकडे बघत राहायचं. मग आम्ही पोत्यात हात घालून एक मूठ मुरमुरे वर टाकायचो, तेव्हा कुठे पिशवी मिटायची. कुणी एक माप घेतलं तर एक मूठ, पाच मापं घेतली तर पाच मुठी. मूठ टाकली नाही तर पुढच्या बाजारी ते गिऱ्हाईक दुसऱ्या पालाखाली दिसायचं.

माझी बहीण, आपा, माझ्याहून दीड वर्षानं मोठी. ज्या वर्षी तिचं नाव शाळेत घालायचं, त्या वर्षी अम्मी आजारी होती म्हणून ते राहून गेलं. मग दोघींची नावं एकाच दिवशी घातली आणि आम्ही एकाच वर्गात, एकाच बसकरावर बसायला लागलो. आमच्या गावचा बाजार असेल त्या दिवशी शाळा सुटली की दोघी पळत पालावर जायचो. आपा माप भरायची, मी पिशवी धरायची आणि अब्बा पैसे घ्यायचे. पुढे अब्बा तिला पैसे पण घेऊ द्यायला लागले. समोरच्यानं शंभराची नोट काढायच्या आत तिच्या हातात सुटे तयार असायचे.

शाळेत मात्र तिची फजिती व्हायची. तिसरीत गुरुजींनी तिला फळ्यावरचे आंबे मोजायला उभं केलं. तिनं पहिल्या आंब्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बरकत."

वर्ग हसत सुटला. गुरुजीसुद्धा हसले. "अगं ए शेटाणी, हे आंबे काय विकून राहिली का तू? एक म्हण, एक."

"एक," आपा म्हणाली. मग उरलेले आंबे तिनं इतक्या हळू मोजले की ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून पोरं तिला 'बरकत' म्हणून हाक मारायला लागली. मीही हसले होते. मी 'एक'पासून मोजायला आधीच शिकले होते. शाळेत कोणती भाषा चालते आणि घरात कोणती, हे मला लवकर कळलं. घरात आम्ही आमची दखनी हिंदी बोलतो. इथे मी सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते आहे, कारण लिहायचं मला मराठीतच येतं आणि ते गुरुजींनीच शिकवलं.

गुरुजींविषयी वाईट लिहिताना माझा हात अडतो. माझ्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा माझा अर्ज गुरुजींनी स्वतःच्या पैशानं भरला. स्वतःच्या मुलाची कंपासपेटी मला दिली, तिच्यात करकटक नव्हतं म्हणून दोन दिवसांनी नवीन करकटक आणून दिलं. पावसाळ्यात सायकल चिखलात रुतायची, तर ती खांद्यावर घेऊन शाळेला यायचे. आज माझ्या वर्गात जे काही बरं होतं, ते त्यांचं बघून होतं. हे सगळं खरं आहे, आणि पुढचंही खरंच आहे.

बाजाराच्या दिवशी गुरुजी आमच्या पालावर यायचे. दोन मापं मुरमुरे, एक माप फुटाणे. भाव करत नसत. पण शेवटी पिशवी उघडी धरून म्हणायचे, "टाक की पोरी. गुरुजीला काय मोजून मापून देती?" आपा मूठ टाकायची. मग ते हसत स्वतः पोत्यात हात घालायचे. आपा म्हणायची, "गुरुजी, तुमची मूठ लई मोठी हाय." ते म्हणायचे, "मूठ मोठी म्हणून तर तुम्हाला चौथीपत्तुर आणलं." अब्बा हात जोडून हसायचे. आम्हाला तो मोठाच मान वाटायचा.

चौथीत शाब्दिक उदाहरणं सुरू झाली. संध्याकाळी कंदिलाची काच पुसून, कारण वीज असायचीच असं नाही, आम्ही दोघी गृहपाठाला बसायचो. मी उदाहरण वाचायची. 'एका व्यापाऱ्याने ८ रुपयांना एक याप्रमाणे २५ नारळ विकले, तर त्याला किती रुपये मिळाले?' माझं वाचून होईपर्यंत आपाचं उत्तर तयार असायचं. पण ती ते लगेच सांगायची नाही. आधी विचारायची, "किताबाचं सांगू का बाजाराचं?"

"किताबाचं सांग की."

"दोनशे."

"आणि बाजाराचं?"

"त्याच्यात एक-दोन नासके निघतेत. आणि पंचवीस घेणारा एक फुकट मागतो. दोनशे म्हणणाऱ्यानं नारळ कधी विकला न्हाई बघ."

मग मी वहीत किताबाचं उत्तर लिहायची. 'दिलेली माहिती' लिहायची, 'रीत' लिहायची, खाली रेघ मारायची. आपाला रीत लिहायचा कंटाळा. तिला उत्तर आधी दिसायचं, मग त्याच्या मागे मी रीत लावायची. म्हणजे माझ्या वहीतली बरीचशी उत्तरं तिची होती. वर 'छान' असा लाल शेरा मात्र माझ्या वहीवर यायचा, कारण रीत माझी होती आणि अक्षरही माझं होतं.

गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला चाकूरला जावं लागायचं. सकाळच्या एसटीनं जायचं आणि दिवेलागणीला यायचं. अब्बांचा आम्हाला शिकवायला विरोध नव्हता. पण चार बाजार होते, अम्मी भट्टीवरून उठू शकत नव्हती आणि पालावर माप भरायला दुसरं माणूस लागायचंच. दोघी गेल्या तर बाजार करायचा कुणी? एक जाईल, एक राहील, हे अब्बांनी चौथीच्या परीक्षेआधीच सांगून टाकलं होतं. कोण जाईल ते त्यांनी ठरवलं नव्हतं. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, "गुरुजी बोलतील तसं."

तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी जरा वेगळं वागायला लागलो. मी तिच्या वाटचं पाणी भरायची. ती माझ्या वेण्या घालून द्यायची. चाकूरच्या शाळेत मुलींना निळा स्कर्ट असतो, हे दोघींनाही माहीत होतं, पण त्याविषयी दोघीही बोलत नव्हतो. एकदाच रात्री पांघरुणातून आपा म्हणाली, "एसटीत खिडकीची जागा सकाळी मिळते म्हणे." मी झोपेचं सोंग घेतलं.

परीक्षा झाल्यावर एका दुपारी गुरुजी घरी आले. अब्बांनी खाट टाकली, तिच्यावर सतरंजी टाकली. अम्मीनं शेजारून दूध मागून चहा केला. ती पडद्यामागे, दाराशी बसली. आम्हा दोघींना गुरुजींनी समोर उभं केलं. अंगणात कोंबड्या होत्या, त्यांना हाकलायलाही कुणी हललं नाही.

अब्बा म्हणाले, "गुरुजी, दोन्ही तुमच्याच पोरी हायत. तुम्ही सांगाल ती जाईल."

"मार्कं दोघींचे सारखेच पडून राहिले," गुरुजी म्हणाले. "हिला दोन जास्त, पण ते अक्षराचे. असं करू, एकच तोंडी उदाहरण घालतो. तुमच्याच धंद्यातलं घालतो, म्हणजे अवघड जायचं न्हाई."

आमच्यावर मेहरबानी म्हणूनच त्यांनी ते घातलं. मला आजही त्यात शंका नाही.

ते म्हणाले, "एका पोत्यात चाळीस मापं मुरमुरे आहेत. एका मापाचा भाव पाच रुपये. सगळे मुरमुरे विकले, तर किती पैसे मिळतील? मोठी, तू सांग आधी."

आपानं विचारलं, "गुरुजी, किताबाचं सांगू का बाजाराचं?"

"आं? उत्तर काय दोन असतेत का? बरोबर असंल ते सांग."

आपानं एकदा अब्बांकडे पाहिलं. तो चेहरा मला अजून दिसतो. तिला वाटत होतं, आता आपल्याला शाबासकी मिळणार. किताबाचं उत्तर तर कुणालाही येतं. घरात गुरुजी बसलेत, अब्बा बसलेत, विचारलंय मुरमुऱ्यांचं. आणि मुरमुऱ्यांचं तिच्याइतकं त्या अंगणात कुणालाच येत नव्हतं.

"एकशे नव्वद," ती म्हणाली.

गुरुजींनी चहाची बशी खाली ठेवली. "चाळीस पंचे किती?"

"दोनशे."

"मग?"

"दोनशे व्हतेत, पण मिळत न्हाईत. दर मापाला मूठ जाती, गुरुजी. वीस मुठींचं एक माप भरतं. अडतीस मापं विकली की पोतं संपतं. तळाला चुरा ऱ्हातो, तेव कोंबड्यांला. अडतीस पंचे एकशे नव्वद."

गुरुजी माझ्याकडे वळले. "तू सांग गं."

मी आपाशेजारी त्या पालाखाली बसत होते. पोतं अडतीस मापांना संपतं हे मी डझनभर वेळा पाहिलं होतं. पोतं झटकून तळाचा चुरा कोंबड्यांना टाकायचं काम माझंच होतं.

"दोनशे," मी म्हणाले.

"शाब्बास!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "हे बगा भाई, हिच्या डोक्यात गणित आहे. आन् मोठीच्या डोक्यात दुकान बसलंय. वाईट न्हाई, दुकानबी लागतंय जगायला. पण शाळा हिला जमंल. हिला धाडा."

मला पुढे कितीतरी वर्षं हे मोजत बसावं लागलं आहे की त्या अंगणात एकशे नव्वद हे उत्तर किती जणांना माहीत होतं. अब्बांना माहीत होतं, त्यांनी हजारो पोती रिकामी केली होती. अम्मीला माहीत होतं, पोत्यामागे किती पैसे येतात ते तीच अब्बांकडून विचारून घ्यायची. मला माहीत होतं. गुरुजींना माहीत नव्हतं असं म्हणावं, तर दर बाजारी त्या पोत्यात हात कुणाचा जात होता? पण कुणी बोललं नाही. अब्बा म्हणाले, "जी, गुरुजी." पडद्यामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

गुरुजी निघाले तेव्हा अब्बांनी आपाला सांगितलं, "गुरुजींना मुरमुरे दे." ती आतून माप घेऊन आली. तिनं पोतं उघडलं, माप भरलं, सपाट केलं आणि कागदी पिशवीत ओतलं. बरकत. दोन. मग ती थांबली.

गुरुजींनी पिशवीचं तोंड मिटलं नाही. सवय होती ती. ते अब्बांशी एसटीच्या पासाविषयी बोलत होते, आणि त्यांचा हात पिशवी उघडी धरून तसाच पुढे होता.

आपानं एक मूठ टाकली. तरी पिशवी मिटली नाही. दोन मापांच्या दोन मुठी होतात. तिनं दुसरी टाकली.

जूनमध्ये मी निळा स्कर्ट घालून एसटीत खिडकीशी बसले. त्याच एसटीच्या टपावर अब्बांची पोती असायची आणि आपा मागच्या दाराशी उभी असायची. बाजाराच्या गावी ती उतरून जायची. उतरताना मला हात करायची. पुढे पुढे मी वर्गातल्या मुलींशी बोलत असायची, म्हणून माझं लक्ष नसायचं. असं मी लिहिते आहे, पण लक्ष असायचं.

दहावी चाकूरला झाली, बारावी आणि बी.एस्सी. लातूरला, मग डी.एड. वसतिगृहाची फी, खानावळ, पुस्तकं, सगळं त्याच पालावरून आलं. दोनशे रुपयांच्या पोत्याला जे एकशे नव्वद मिळायचे, त्यातून आलं. लातूरला मला भेटायला आपा एकदाच आली. वसतिगृहाच्या फाटकाशी मुरमुऱ्यांची पिशवी घेऊन उभी राहिली आणि आत आली नाही. म्हणाली, "नक्को. माझ्या अंगाला भट्टीचा वास येतो." मी 'येत नाही' असं म्हणायला हवं होतं. येत होता, म्हणून मी गप्प राहिले.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा मी वहीच्या मागच्या पानावर ते उदाहरण पुन्हा सोडवलं. मला वाटलं होतं, आपानं चाळीस मुठींची दोन मापं धरली आणि चाळीसातून सरळ वजा केली. म्हणजे तिच्या रीतीत थोडी चूक असणार, कारण विकली जातात तेवढ्याच मापांना मूठ जाते. मांडून पाहिलं. अडतीस मापं आणि अडतीस मुठी, म्हणजे अडतीस मापं आणि वर दोन मापांना दोन मुठी कमी. चाळीस मापांच्या पोत्यात दोन मुठी उरतात. तोच तळाचा चुरा. ती कोंबड्यांपर्यंत बरोबर होती. चौथी पास मुलीचं उत्तर तपासायला मला कॉलेजात जावं लागलं.

नोकरीचा आदेश आला तेव्हा घरी पाहुणे जमले. अम्मीनं गोड भात केला. कुणीतरी अब्बांना विचारलं, "भाई, तुम्हाला कसं कळलं हो, धाकटीलाच शिकवायचं?"

अब्बा खुशीत होते. म्हणाले, "त्यात काय कळायचंय? एकीनं सांगितलं दोनशे, एकीनं सांगितलं एकशे नव्वद. आता दोनशे म्हणणारीला मापावर बसवून काय करतो? बुडलो असतो! म्हणून तिला शाळेत घातली."

सगळे पोट धरून हसले. मीही हसले. आपा तेव्हा पाहुण्यांना भात वाढत होती, तीही हसली. म्हणाली, "हौ, अब्बा. खोटी निघालेली नोट सरकारलाच द्यायची." पुन्हा हशा झाला. मी त्या रात्री जेवले नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण हार आणि पेढे मला दिवसभर चालू होते.

म्हणजे ती कमी पडली म्हणून राहिली नव्हती. हिशोबाला पक्की होती म्हणून राहिली. आणि मी तिच्याहून हुशार म्हणून गेले नव्हते. पालावर माझा तेवढा उपयोग नव्हता, एवढंच. गुरुजींना बोलावलं ते कदाचित नुसतं आपल्या तोंडानं सांगायला नको म्हणून. अब्बांना हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि आता ते नाहीत.

हे सगळं मी मनात गुंडाळून ठेवलं होतं. मागच्या सत्र परीक्षेत ते सुटलं.

प्रश्नपत्रिका वरून छापून येते, सोबत उत्तरांचा कागद येतो. तिच्यात होतं : 'एका टोपलीत ६० पेरू आहेत. एका पेरूची किंमत ५ रुपये आहे. सर्व पेरू विकल्यास किती रुपये मिळतील?' दोन गुण. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बिलोलीच्या स्टँडवर पेरू विकते. त्या मुलीनं लिहिलं होतं : 'सहा पेरू नासतात. ५४ गुणिले ५ बरोबर २७०.' खाली सुबक दुहेरी रेघ. गुणाकार बरोबर, रीत बरोबर, अक्षर माझ्या चौथीतल्या अक्षराहून चांगलं. कागदावर उत्तर होतं ३००. मी लाल पेननं फुली मारली आणि शून्य दिलं.

पेपर वाटले तेव्हा ती उठून टेबलाशी आली. "म्याडम, हे चूक कामून?"

"उत्तर तीनशे आहे बाळा."

"तुम्ही नासका पेरू घेता का, म्याडम?"

वर्ग हसला. मी म्हणाले, "परीक्षेत नासके पेरू नसतात. जा, जागेवर बस."

ती गेली. मी फळ्याकडे वळले आणि खडू हातात तसाच राहिला. मी जे बोलले होते, ते बोलताना माझा आवाज गुरुजींसारखा आला होता. दयाळू, आणि पक्का.

तिचे गुण मी बदलले नाहीत. निकालपत्रकं वर जायची होती, तपासणारे उत्तराचा कागद घेऊन बसतात, आणि दोन गुणांसाठी जाब देण्याइतकं धैर्य मला पगारानं दिलेलं नाही. त्या शनिवारी मी नांदेडला आले आणि लातूरची एसटी धरून चाकूरला उतरले. आपा आता चाकूरला राहते. लग्न तिथेच झालं, आणि बाजारात तिचं स्वतःचं पाल आहे. शनिवारीही ती स्टँडजवळ पोती मांडते.

मला बघून तिनं ओढणी सारखी केली. "या मॅडम! आज शाळा बुडवली का?" मग बाजूचं खोकं पुसून दिलं. "बस. चहा सांगू?"

"नको." गिऱ्हाईक नव्हतं तोवर मी बोलून घेतलं. "आपा, त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं."

"कोणत्या दिवशी?"

"गुरुजी घरी आले होते तेव्हा. एकशे नव्वद."

ती हसली. "हे सांगायला बिलोलीहून आलीस? पोती मी रिकामी करते, छोटी. मला सांगतीस?"

"मलाही माहीत होतं. तेव्हाच."

आता ती हसली नाही. पोत्याची कड दुमडत राहिली, दुमडलेली पुन्हा उलगडून दुमडली.

"हौ," ती म्हणाली. "माहीत होतं. तू माझ्या शेजारीच तर बसायचीस."

"मी बोलले नाही."

"बोलली असतीस, तर दोघी इथंच बसलो असतो. मग मुरमुरे घेणारी मॅडम कुठून आली असती?" तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "जाऊ दे. अब्बांनी करायचं ते केलं, गुरुजींनी करायचं ते केलं. तू तेवढी लहान होतीस. दीड वर्ष." ते 'दीड वर्ष' तिनं असं म्हटलं की मला खोक्यावर बसवेना.

मी पिशवी काढली. "पाच मापं दे."

तिनं माप उचललं आणि थांबली. "किताबाचं देऊ का बाजाराचं?"

मला वाटलं, ती जुनी गंमत करते आहे. मला बरं वाटलं. मी हसून म्हणाले, "तुला वाटेल ते दे."

तिनं माप पोत्यात खुपसलं, वर काढलं, तळहातानं सपाट केलं. एक दाणा वर राहिला होता, तोही बोटानं खाली पाडला. पिशवीत ओतलं आणि स्वच्छ, शाळेतल्यासारख्या आवाजात म्हणाली, "एक."

मग दोन, तीन, चार, पाच. मी पिशवी उघडी धरून उभी होते. मला कळलंसुद्धा नाही की मी ती तशी धरली आहे. आपानं माझ्या हातातून पिशवीचं तोंड घेतलं, मिटलं आणि सुतळीनं बांधलं.

"पाच म्हंजे पाच," ती म्हणाली. "बरोबर हाय न, मॅडम?"

मी पैसे दिले. तिनं ते घेतले. आजवर कधी घेतले नव्हते. मागे एक म्हातारी येऊन उभी राहिली होती, तिला जागा द्यायला मी बाजूला झाले आणि स्टँडकडे चालायला लागले. म्हातारीच्या पिशवीत पहिलं माप पडल्याचा आवाज आला, आणि आपा म्हणाली, "बरकत."